शहराचं नाव बदललं, वेबसाइटचा पत्ता हरवला: संभाजीनगरच्या एका गाडीवाल्याचं प्रकरण

पार्श्वभूमी

छत्रपती संभाजीनगरात पर्यटकांना गाड्या भाड्याने देणारे एक व्यावसायिक आहेत. त्यांचे ड्रायव्हर त्यांना भाऊ म्हणतात, इथेही तेच म्हणतो. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, आकडे थोडे गोल केले आहेत. बाकी घडलं तसंच लिहिलं आहे.

भाऊंकडे सात गाड्या: चार डिझायर, दोन अर्टिगा आणि एक टेम्पो ट्रॅव्हलर. वेरूळ ३० किलोमीटरवर, अजिंठा शंभराच्या आसपास, वाटेत दौलताबाद आणि घृष्णेश्वर, दुसऱ्या अंगाला पैठण. बहुतेक भाडी याच फेऱ्यांची. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा खरा सीझन. त्या पाच महिन्यांत जे हाती लागतं, त्यावर उन्हाळ्यातले बँकेचे हप्ते जातात.

२०१५ साली एका ओळखीच्या मुलाने त्यांना साधी वेबसाइट करून दिली होती. दिसायला काही खास नव्हती, पण डोमेनमध्ये, म्हणजे वेबसाइटच्या पत्त्यातच ‘औरंगाबाद’ होतं, दर स्पष्ट लिहिलेले होते आणि फोन नंबर वरच्या बाजूला होता. नऊ वर्षांत तिने चांगलं बस्तान बसवलं. तीन-चार हॉटेलांनी आपल्या साइटवर तिची लिंक दिली. परदेशातून येऊन गेलेल्या काही प्रवाशांनी आपल्या प्रवासवर्णनात ‘आम्हाला याच गाडीवाल्याने नेलं’ म्हणून तिचा पत्ता दिला. या लिंका कुणी पैसे देऊन घेतल्या नव्हत्या. वेळेवर आलेल्या गाडीची आणि नीट बोलणाऱ्या ड्रायव्हरची ती कमाई होती, आणि गुगलच्या लेखी अशाच लिंकांना वजन असतं. सीझनमध्ये आठवड्याला वीस-बावीस चौकशा वेबसाइटवरून यायच्या.

फेब्रुवारी २०२३ मध्ये केंद्राने शहराच्या नामांतराला मंजुरी दिली. भाऊंनी दुकानाची पाटी बदलली, बिलबुकं नवी छापली. मनापासून, आनंदाने केलं. २०२४ च्या पावसाळ्यात त्यांनी वेबसाइटचंही नाव बदलायचं ठरवलं आणि ते काम एका एजन्सीला दिलं.

अडचण

वेबसाइट आणि गुगल जाहिरातींचं काम मी बघतो. दसऱ्याच्या सुमारास भाऊ आणि त्यांची मुलगी माझ्याकडे आले. मुलगी हिशोब बघते, तिच्या हातात वही होती. भाऊंचं पहिलं वाक्य मला अजून आठवतं: “सर, सीझन सुरू झाला अन् फोनच यायले नाहीत. जे यायलेत, त्यातली निम्मी पार्टी बिहारची निघायली.”

वहीत दिसत होतं ते असं. वेबसाइटवरून येणाऱ्या चौकशा आठवड्याला चार-पाचवर आल्या होत्या. ही तूट भरायला एजन्सीने गुगलवर जाहिरात सुरू केली होती, रोज हजार रुपयांची. पाच आठवड्यांत पस्तीस हजार गेले. त्यातून पक्की झालेली भाडी सहा.

तपासात काय निघालं

पहिल्या दिवशी मी जाहिरातीला हातच लावला नाही. जुनी वेबसाइट उघडून पाहिली, तर ती उघडेना. एजन्सीने नव्या डोमेनवर नवी साइट चढवली होती, पण जुन्या पानांवरून नव्या पानांकडे नेणारं ३०१ रिडायरेक्ट कुठेच लावलं नव्हतं. ३०१ म्हणजे घर बदलताना पोस्टात दिलेला नवा पत्ता. तो दिला नाही, तर नऊ वर्षांची पत्रं जुन्या दारावर येत राहतात आणि परत जातात. गुगलसाठी नवी साइट म्हणजे कालच जन्मलेली, कुणी न ओळखणारी साइट होती.

त्याहून वाईट पुढे होतं. जुन्या डोमेनची मुदत ऑगस्टअखेर संपली होती. नूतनीकरणाच्या सूचना ज्या मुलाने २०१५ मध्ये साइट केली त्याच्या ईमेलवर जात होत्या, आणि तो केव्हाच पुण्याला नोकरीला गेला होता. डोमेन नोंदणीची स्थिती तपासली तर ते ‘रिडेम्प्शन’मध्ये निघालं. डॉट कॉम डोमेनची मुदत संपली की नोंदणी कंपनीकडे जास्तीत जास्त ४५ दिवसांची सवलत असते. डोमेन काढून टाकलं की ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ, ज्यात फक्त जुना मालक जादा दंड भरून ते सोडवू शकतो. मग ५ दिवस, आणि त्यानंतर जो आधी येईल त्याचं. आमच्या हातात साधारण तीन आठवडे होते.

तिसरी गोष्ट नव्या साइटच्या आत होती. एजन्सीने जवळजवळ दोनशे पानं बनवली होती: गंगापूर ते भोकरदन टॅक्सी, पैठण ते सिल्लोड टॅक्सी, वैजापूर ते अंबड टॅक्सी. मजकूर एकच, गावांची नावं तेवढी बदललेली. अशी भाडी भाऊंनी कधी मारलेली नव्हती. केवळ सर्चमध्ये दिसण्यासाठी घाऊक पानं काढणं हे गुगलच्या मार्च २०२४ च्या स्पॅम धोरणात स्पष्टपणे गैरप्रकार म्हणून धरलं आहे, मग ती माणसाने लिहोत की एआयने.

राहता राहिला बिहार. औरंगाबाद नावाचा जिल्हा बिहारमध्येही आहे, गयेच्या शेजारी. जाहिरात ‘औरंगाबाद टॅक्सी’ या शब्दांवर होती, जुळणीचा प्रकार सर्वांत सैल ठेवलेला, म्हणजे शोध थोडाफार जवळचा असला तरी जाहिरात दिसणार, आणि ठिकाण म्हणून अख्खा भारत. मग गया ते औरंगाबाद गाडी शोधणारा माणूस भाऊंच्या जाहिरातीवर टिचकी मारायचा आणि त्याचे पैसे भाऊ भरायचे. सर्च टर्म्सचा अहवाल, म्हणजे लोकांनी नेमकं काय शोधलं तेव्हा जाहिरात दिसली त्याची यादी, उघडली तेव्हा ‘ड्रायव्हर जॉब’, ‘बस टाइमटेबल’, ‘सेकंड हँड अर्टिगा’ हेही त्यात होतं. हा अहवाल पाच आठवड्यांत कुणी उघडूनच पाहिला नव्हता. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली ही सर्वांत मोठी हयगय. जाहिरात देणं सोपं असतं, ती कोणत्या शब्दांवर खर्च झाली हे रोज बघणं हेच खरं काम.

समोर असलेले पर्याय

सर्वांत अवघड निर्णय डोमेनचा होता. तीन वाटा दिसत होत्या.

जुनं डोमेन सोडून द्यायचं, नवीन साइट नव्याने वाढवायची आणि दरम्यान जाहिरातीवर जगायचं. एजन्सीचा कल याकडे होता. सोडवायचा दंड नेहमीच्या वार्षिक शुल्काच्या कितीतरी पट होता, त्यामुळे भाऊही आधी कचरले. पण सोडलेलं डोमेन कुणीही घेऊ शकतं. नऊ वर्षांच्या चांगल्या नावावर उद्या जुगाराची साइट उभी राहिली असती, आणि हॉटेलांच्या पानांवरच्या लिंका तिकडे गेल्या असत्या. ही शक्यता सांगितल्यावर भाऊ बराच वेळ गप्प बसले.

दुसरी वाट म्हणजे जुनं डोमेन सोडवून तीच साइट पुन्हा मुख्य करायची. माझं मत या बाजूचं होतं. गुगलला ती ओळखीची होती आणि पर्यटक अजून रोमन अक्षरांत ‘औरंगाबाद टू अजंता कॅब’ असंच टाइप करत होते. परदेशी माणसाच्या हातातल्या जुन्या मार्गदर्शिकेत तेच नाव, आणि आपल्याकडच्या पर्यटकाने शाळेपासून ऐकलेलंही तेच.

तिसरी वाट भाऊंनीच काढली. “सर, पाटी बदलली ती मी परत लावणार नाही. पण जुन्या नावानं येणारा माणूस माझ्या दारात पोचला पाहिजे. असं होतं का?” होतं. जुनं सोडवायचं, त्याच्या प्रत्येक पानावरून नव्या डोमेनच्या त्याच विषयाच्या पानावर ३०१ लावायचं, आणि मुख्य साइट नवीच ठेवायची. यात नुकसान तात्पुरतं सोसावं लागतं, कारण जुनी साइट काही आठवडे बंदच होती आणि गुगलने तिची बरीच पानं यादीतून काढली होती. तरी आम्ही हीच वाट धरली. आज मागे वळून पाहता भाऊंचा निर्णय माझ्यापेक्षा बरा होता असं वाटतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये रेल्वे स्थानकाचंही नाव छत्रपती संभाजीनगर झालं. तिकिटावर, पाटीवर, नकाशावर नवं नाव दरवर्षी पक्कं होत जाणार. मी चालू सीझनचा विचार करत होतो, ते पुढच्या दहा वर्षांचा.

पानावर नाव कोणतं लिहायचं, हाही प्रश्न होता. एजन्सीने सुचवलं की पानावर नवंच नाव दाखवू आणि जुनं नाव पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लपवू. हे मी स्वच्छ नाकारलं. लपवलेला मजकूर हा गुगलच्या नियमांचा फार जुना आणि सरळ भंग आहे. आणि त्याची गरजही नाही. मराठी वर्तमानपत्रं जसं लिहितात तसं, पहिल्याच ओळीत ‘छत्रपती संभाजीनगर, म्हणजे पूर्वीचं औरंगाबाद’ असं उघड लिहिलं की वाचणाऱ्यालाही कळतं आणि गुगललाही. दोन नावांच्या दोन वेगळ्या साइट काढायचीही सूचना आली होती. सात गाड्यांच्या धंद्याला एक साइट सांभाळणं जड जातं, दोन कोण सांभाळणार?

काय केलं

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात डोमेन सुटलं. यासाठी पुण्यातल्या त्या मुलाला फोन करावा लागला. तो बिचारा रात्री अकरा वाजता लॅपटॉप उघडून बसला आणि सगळे पासवर्ड भाऊंच्या मुलीकडे दिले. सुटताच डोमेन भाऊंच्या स्वतःच्या नावावर, त्यांच्याच ईमेलवर घेतलं आणि पाच वर्षांचं शुल्क एकदम भरलं.

मग जुन्या पानांची यादी. मुलीचा जीमेल सर्च कन्सोलला, म्हणजे साइट गुगल शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या गुगलच्या साधनाला, पूर्वी जोडलेला होता. तिथे सोळा महिन्यांपर्यंतची माहिती टिकते, त्यामुळे कोणत्या पानावर किती माणसं यायची हे दिसलं. मोजून एकोणीस पानं होती. प्रत्येकाला नव्या साइटवरचं जोडीचं पान दिलं. सगळ्यांना मुख्य पानावर ढकलणं हा पाच मिनिटांचा आळशी उपाय असतो. अजिंठ्याचा दर शोधत आलेला माणूस मुख्य पानावर पडला की बहुधा निघून जातो, आणि गुगलही अशा रिडायरेक्टला ‘पान सापडत नाही’ यासारखंच धरू शकतं. शेवटी सर्च कन्सोलमध्ये पत्ता बदलल्याची नोंद केली. रिडायरेक्ट किमान एक वर्ष ठेवावीत असं गुगल सांगतं. आम्ही ती कायमची ठेवायचं ठरवलं.

दोनशे पानं काढून टाकली. त्यांच्या जागी नऊ पानं लिहिली, आणि ती लिहिण्यासाठी मी दोन दिवस भाऊंच्या ड्रायव्हरांसोबत बसलो. पर्यटक गाडीत बसल्यावर काय विचारतो, हे त्यांच्याइतकं कुणालाच माहीत नाही. अजिंठा सोमवारी बंद आणि वेरूळ मंगळवारी बंद, म्हणून रविवारी संध्याकाळी उतरलेल्या पार्टीने सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा करावं. अजिंठ्याला खासगी गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही, फर्दापूरच्या फाट्यावर उतरून पुढचे चारेक किलोमीटर एसटीच्या बसने जावं लागतं, त्यामुळे म्हातारं माणूस सोबत असेल तर वेळ हाताशी ठेवा. चिकलठाणा विमानतळावरून थेट अजिंठा गाठायचं असेल तर सकाळचं विमान बघा. अशी माहिती एकाही गाडीवाल्याच्या साइटवर आम्हाला सापडली नाही. मराठी, हिंदी आणि इंग्रजी अशी तीन भाषांत पानं केली.

जाहिरात बंद करायची की चालू ठेवायची, यावर बराच खल झाला. सीझन डोक्यावर होता, रिडायरेक्टचा परिणाम दिसायला वेळ लागणार होता. म्हणून बजेट रोजी चारशेवर आणलं आणि बंद केली नाही. सैल जुळणी काढून नेमक्या शब्दसमूहांवर आणली. जाहिरात इतर वेबसाइटवर आणि ॲपमध्येही दिसावी ही खूण आपोआप चालू राहिलेली होती, ती काढली. नको असलेल्या शब्दांची यादी केली: जॉब, व्हेकन्सी, टाइमटेबल, सेकंड हँड, बिहार, पटना. अशा शब्दांना गुगल समानार्थी शब्द आपण होऊन जोडत नाही, म्हणून प्रत्येक शब्द देवनागरी आणि रोमन अशा दोन्ही लिप्यांत घातला. ‘गया’ हा शब्द मात्र एकटा टाकला नाही. बोधगया पाहून अजिंठ्याला येणारे बौद्ध यात्रेकरू भाऊंचे जुने गिऱ्हाईक आहेत. त्यामुळे ‘गया टू औरंगाबाद’ हा अख्खा शब्दसमूह अडवला आणि बिहारमधला औरंगाबाद जिल्हा ठिकाणांतून वगळला. बाकीचा बिहार चालू ठेवला.

इथे माझी एक चूक झाली, ती लिहायलाच हवी. पैसे वाया जाऊ नयेत या घाईत पहिल्या आठवड्यात मी जाहिरात फक्त महाराष्ट्रात असलेल्या लोकांपुरती ठेवली. नळदुरुस्ती करणाऱ्याला असं करणं योग्य, त्याचं गिऱ्हाईक गावातच असतं. पर्यटकांच्या गाडीचं गिऱ्हाईक मात्र शोधताना दिल्लीत, हैदराबादेत किंवा सिंगापुरात बसलेलं असतं. सहा दिवस दूरच्या चौकशा जवळजवळ थांबल्या. मुलीने वही दाखवली तेव्हा लक्षात आलं. त्याच दिवशी भारत पुन्हा खुला केला आणि परदेशांसाठी छोटी वेगळी मोहीम काढली.

गुगल बिझनेस प्रोफाइलचं, म्हणजे गुगलच्या नकाशावर आणि शोधात दिसणाऱ्या दुकानाच्या नोंदीचं, थोडक्यात सांगतो. एजन्सीने तिथल्या नावात शहराची दोन्ही नावं, अजिंठा, वेरूळ, टॅक्सी, टूर असं सगळं कोंबलं होतं. दुकानाच्या पाटीवर असेल तेच नाव प्रोफाइलला द्यावं असा नियम आहे, आणि नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ते निलंबित झालं. पाटीचा फोटो, जीएसटीचा दाखला आणि उद्यम नोंदणी जोडून अपील केलं. परत मिळायला अठरा दिवस लागले. ऐन सीझनमधले.

चौकशा मोजायची पद्धत मुलीने बसवली. गुगल जाहिरातीतून आलेला कॉल किती सेकंद चालला यावरून तो उपयोगी होता की नाही ठरवतं. पण दीड मिनिट फक्त दरावर घासाघीस करून ठेवलेला फोनही त्यात जमा होतो. म्हणून वहीत तीन रकाने केले: कुठून कळलं, शहराचं नाव काय घेतलं, भाडं पक्कं झालं का. मधला रकाना तिचीच कल्पना. मला तो फार आवडला.

निष्पत्ती

डिसेंबर संपेपर्यंत फारसं काही हललं नाही आणि भाऊंचा धीर सुटत चालला होता. जानेवारीच्या मध्यापासून जुनी पानं नव्या पत्त्यावर दिसू लागली. महाशिवरात्रीच्या वेळी, फेब्रुवारी २०२५ अखेर, घृष्णेश्वराच्या भाड्यांसह वेबसाइटवरच्या चौकशा आठवड्याला बारा-तेरावर आल्या. तो सीझन मात्र गेला तो गेलाच. एका अर्टिगाचे दोन हप्ते थकले, ते भाऊंनी मेहुण्याकडून उसने घेऊन भरले.

२०२५ च्या सीझनमध्ये आकडा अठराच्या आसपास स्थिरावला. जुन्या बावीसला तो पोचलेला नाही, आणि याचं सगळं खापर डोमेनवर फोडणं बरोबर होणार नाही. ऑगस्ट २०२४ पासून भारतातही गुगल शोधाच्या वर एआयने तयार केलेलं उत्तर दाखवू लागलं आहे. ‘अजिंठा कोणत्या दिवशी बंद असतं’ असं विचारणाऱ्याला तिथेच उत्तर मिळतं. सर्च कन्सोलमध्ये त्या पानाचं दिसणं वाढलं आहे, टिचक्या घटल्या आहेत. एआयच्या उत्तरातलं दिसणं तिथे वेगळं काढून दाखवत नाहीत, सगळं एकत्र मोजलं जातं. पण दोन रेघांमधलं अंतर वाढताना डोळ्यांना दिसतं. म्हणून आता माहितीची नवी पानं न लिहिता दर, गाडीचे फोटो आणि फोन नंबर असलेल्या पानांवर मेहनत घेतो आहोत. गाडी ठरवायला माणसाला शेवटी कुणाशी तरी बोलावंच लागतं.

जाहिरात रोजी चारशेच्या वर नेली नाही. एका पक्क्या भाड्यामागे आधी जवळजवळ सहा हजार पडत होते, आता सहाशे-सातशे पडतात.

वेगळं काय करता आलं असतं

साइट बदलायची वेळ चुकली नव्हती, पावसाळा हीच मंदीची वेळ. पण जुन्या पानांची यादी आणि रिडायरेक्ट यांचं काम आधी, नव्या रंगरूपाचं नंतर, असा क्रम असता तर फारसं काही बिघडलं नसतं. एजन्सीच्या कोटेशनमध्ये रिडायरेक्टचा उल्लेखच नव्हता. ते विचारायचं असतं हे भाऊंना कुठून कळणार?

डोमेन नऊ वर्षं दुसऱ्याच्या ईमेलवर होतं. दुकानाचा भाडेकरार आपल्या नावावर आहे ना, हे भाऊ दरवर्षी पाहतात. डोमेनचं मात्र कधी पाहिलं गेलं नाही. आपल्याकडच्या अनेक लहान धंद्यांत मला हेच दिसतं. जालन्याच्या एका बियाणेवाल्याचं आणि परळीच्या एका लॉजचं डोमेन आजही साइट बनवणाऱ्याच्याच नावावर आहे. त्यांना मी हे प्रकरण सांगितलं आहे.

माझ्याकडून प्रोफाइलचं नाव पहिल्या आठवड्यातच दुरुस्त व्हायला हवं होतं. ते चुकीचं आहे हे मला पहिल्या दिवशी दिसलं होतं, डोमेनच्या धावपळीत मागे पडलं, आणि अठरा दिवस गेले.

वहीतला मधला रकाना अजून चालू आहे. पहिल्या महिन्यात दहापैकी आठ जण ‘औरंगाबाद’ म्हणायचे. गेल्या महिन्यात मराठी बोलणाऱ्यांत निम्म्याहून जास्त ‘संभाजीनगर’ म्हणणारे निघाले, परप्रांतीयांत दहापैकी दोन-तीन, परदेशी पाहुण्यांत एकही नाही. दर तीन महिन्यांनी तो रकाना बघून पानांवरचा आणि जाहिरातीतला नावांचा क्रम ठरवायचा, असं मुलीने ठरवलं आहे. पुढची नोंद जूनअखेर होईल.